विद्यापीठाचा इतिहास जपायचा तर आधी रद्दी अडवा

प्रश्न असा आहे: ‘आमच्या विद्यापीठाचा सुवर्णमहोत्सव आहे. इतिहास आणि अभिलेख समितीत माझं नाव घातलंय. मी रसायनशास्त्र शिकवतो, या विषयातलं काही कळत नाही. जुने फोटो आणि कागद स्कॅन करून संग्रह उभा करायचा आहे. सुरुवात कुठून करू?’

स्कॅनर इतक्यात घेऊ नका. मी एका विद्यापीठाच्या अभिलेख कक्षात बावीस वर्षं नोकरी केली. ‘कक्ष’ म्हणजे जिन्याखालची खोली आणि लोखंडी मांडण्या. त्या जोरावर सांगतो, फोटोंपासून सुरुवात केलेली समिती स्मरणिका काढते आणि विसर्जित होते.

आमच्याकडे रौप्यमहोत्सवात हेच झालं. अल्बममधले फोटो सोडवून छापखान्यात पाठवले. परत आले ते एका पाकिटात, सुटे. अल्बमच्या पानांवर खाली नावं आणि तारखा लिहिलेल्या होत्या, पण पानं कुणीतरी टाकून दिली. आज त्या पाकिटात हार घातलेले चाळीसेक हसरे पुरुष आहेत आणि त्यातला एकही कोण हे कुणाला सांगता येत नाही.

आता मला सगळ्यात मोलाची वाटलेली वस्तू सांगतो. एका मे महिन्यात परीक्षा विभागाला खोली हवी होती म्हणून जुनं दप्तर टेम्पोत भरलं गेलं. मी रद्दीवाल्याच्या काट्यावरून एक वही परत विकत घेतली, किलोच्या भावानं. वसतिगृहाच्या खाणावळीची १९७२-७३ सालची शिध्याची नोंदवही. रोजचे रकाने छापील: गहू, तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, गोडेतेल. हिवाळ्यातल्या एका पानापासून ‘ज्वारी’वर काट मारून वर निळ्या शाईत ‘मिलो’ लिहिलंय. दुष्काळात अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. समासात कुणाचा तरी शेरा: ‘भाकरी थापता येत नाही, मुले ओरडतात.’ पुढे पानागणिक जेवणाऱ्यांचा आकडा उतरत जातो. पोरं गावी परतली की दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, ते वही सांगत नाही. त्या वर्षीचा आमचा वार्षिक अहवाल मी मुद्दाम काढून पाहिला. त्यात दीक्षान्त समारंभ आहे, नव्या इमारतीची पायाभरणी आहे. दुष्काळाबद्दल अक्षर नाही.

अशी वही रद्दीत जाते ती कुणाच्या दुष्टपणामुळे नाही, नियमानं जाते. सरकारी दप्तराचं वर्गीकरण तुम्ही ऐकलं असेल: ‘अ’ कायम ठेवायचं, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘ड’ एक वर्ष. मुदत संपली की निंदणीकरण, म्हणजे शेतातलं तण काढावं तसे कागद उपटायचे. पद्धत वाईट नाही, तिच्याशिवाय कार्यालयात बसायला जागा उरणार नाही. फक्त ती ‘या कागदाचं उद्या काम पडेल का?’ एवढंच विचारते. शंभर वर्षांनी कुणाला काय शोधावंसं वाटेल, हा प्रश्न लिपिकाच्या पुढ्यात कधी येतच नाही.

एक उदाहरण देतो. महर्षी कर्व्यांच्या हाती जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका आली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईला सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं, तिथल्या भाषणात त्यांनी आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं हा विचार मांडला आणि १९१६ मध्ये पाच विद्यार्थिनींवर ते सुरू झालं. पुढे १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावावरून नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे एसएनडीटी झालं. देणगीचा कागद कुठल्याही कार्यालयात ‘अ’ वर्गात जाईल. आणि टपालानं आलेली, न मागितलेली, परदेशातल्या संस्थेची पुस्तिका? डोळे मिटून ‘ड’.

याच विद्यापीठाची एक गोष्ट आमच्या घरातली आहे. आजीच्या नावापुढे ‘जी. ए.’ लागायचं. बी. ए. लिहिताना कुणीतरी चूक केली, असं आम्ही नातवंडं बरीच वर्षं धरून चाललो होतो. ती ‘गृहीतागमा’ निघाली, कर्व्यांच्या विद्यापीठाची पदवी. वरच्या पदवीला ‘प्रदेयागमा’ म्हणत. शिक्षण मातृभाषेतून, आणि सरकारची मान्यता थेट १९५१ मध्ये. म्हणजे आजीनं पदवी घेतली तेव्हा सरकारदरबारी तिची किंमत शून्य होती, तरी बाई चार वर्षं शिकल्या. पदव्यांची जुनी नावं, अभ्यासक्रमाच्या पुस्तिका, प्रश्नपत्रिका हे कुणी ठेवलं नसतं, तर आजी आमच्या लेखी छपाईची चूकच राहिली असती.

म्हणून प्रश्नपत्रिका आधी गोळा करा. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि त्याची जुनी छापील कॅलेंडरं, म्हणजे विद्यापीठाची वार्षिक माहितीपुस्तकं, आजही वाचायला मिळतात. पहिल्या बी. ए.चे चौघे, रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक, १८६२ चे. त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्या काळी मुलांना नेमकं काय विचारत, हे कॅलेंडरात छापलेल्या प्रश्नपत्रिकांतून कळतं. आणि नापास झालेल्यांची नावं कुठेच छापत नाहीत. ती फक्त हस्तलिखित नोंदवह्यांत असतात, त्या गेल्या की ती माणसंही गेली.

दुसरं, क्रम मोडू नका. हौशी समितीचा पहिला उद्योग असतो ‘विषयवार लावू या’. कुलसचिवांच्या कपाटातली फाइल ग्रंथपालांच्या फायलीत मिसळली, की ती कुणी, कशासाठी ठेवली होती हा अर्थच जातो. कागद ज्या विभागाचा, त्याच विभागाचा राहू द्या, ज्या क्रमानं सापडला त्याच क्रमानं. पहिले तीन महिने फक्त यादी करा: कुठल्या खोलीत, कुठल्या मांडणीवर, काय, कोणत्या सालचं. पेन्सिलनं लिहा, शाई सांडते. आवक-जावक नोंदवह्या दिसल्या तर देव पावला समजा. मूळ पत्र हरवलेलं असलं तरी ते आलं होतं, कुणाकडून आणि कशाबद्दल, एवढं त्यात मिळतं.

आम्लानं कागद कसा ठिसूळ होतो हे तुम्हाला मी काय सांगणार! पण तुमच्या सहकाऱ्यांना सांगा: सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. फाटका कागद शंभर वर्षं फाटका राहू शकतो, प्लास्टिकमध्ये शिजवलेला नाही. टाचण्या आणि स्टेपल काढा, गंज कागद खातो. न रंगवलेला धुतलेला मांजरपाट आणि सुती नाडी, बांधायला एवढं पुरतं. पेशवे दप्तर रुमालांत बांधून राहिलंच की. मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते.

एवढं करूनही तुमच्याकडे कार्यालयाचीच बाजू जमा होईल. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत घरं जळली, माणसं मेली, मोर्चे निघाले. एवढा काळ फक्त ठराव आणि परिपत्रकांवरून कुणी लिहायला घेतला तर काय हाती लागेल? हँडबिलं, भित्तिपत्रकं, पत्रं, तुरुंगातून घरी धाडलेली पोस्टकार्डं लोकांच्या ट्रंकांत असतात. तुमच्याकडेही लहानमोठा संप, बंद, उपोषण झालंच असेल. त्या वेळच्या विद्यार्थी पुढाऱ्यांना आणि निवृत्त शिपायांना भेटा, त्यांची परवानगी घेऊन बोलणं रेकॉर्ड करा. शिपाई आधी. कुलगुरू आपलं आत्मचरित्र लिहितातच.

गुणपत्रकं, शिस्तभंगाची प्रकरणं, जातीचे दाखले हे जपायचं, पण हयात माणसांचं उघडं करायचं नाही. कोणता कागद किती वर्षं बंद राहील, हे समितीच्या पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. नंतर कुणी ऐकत नाही.

आणि स्कॅनिंग शेवटी, यादी झाल्यावर. यादीशिवाय केलेलं स्कॅनिंग म्हणजे हार्ड डिस्कवरची रद्दी. खरी काळजी गेल्या वीस वर्षांची करा, परिपत्रकं ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निघू लागल्यापासूनची. आमच्याकडे फ्लॉपीवरचे निकाल आहेत, वाचायला यंत्र नाही.

सोमवारी विद्यापीठात गेलात की कुलसचिवांकडे जाण्याआधी भांडार विभागात जा आणि रद्दीची निविदा कधी उघडतेय ते विचारा. बहुतेक ठिकाणी सुवर्णमहोत्सवाच्या रंगरंगोटीआधीच उघडते.