राष्ट्रे दुसऱ्या देशातील सशस्त्र गटांना का पोसतात?

‘शत्रूचा शत्रू तो आपला मित्र’ एवढ्यावरच हा विषय संपतो, की त्यावर गंभीर संशोधनही झाले आहे, असे आपण विचारले आहे. संशोधन भरपूर आहे आणि वैर हे प्रमुख कारण असल्याचे त्यातही मान्य केलेले आहे. मात्र वैर असूनही सगळ्याच गटांना मदत का मिळत नाही, हा त्यातला खरा प्रश्न आहे. सालेह्यान, ग्लेडिच आणि कनिंगहॅम या राज्यशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये असे दाखवले की मदत बहुधा मध्यम ताकदीच्या गटांना मिळते: अगदी दुबळ्यावर पैसा लावण्यात अर्थ नसतो आणि बलाढ्य गटाला आश्रयदात्याची ताबेदारी नको असते. सीमेपलीकडे त्या गटाचे भाईबंद असतील, तर मदतीची शक्यता आणखी वाढते.

भारत आणि श्रीलंकेतील तमिळ संघटना यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. जुलै १९८३ च्या तमिळविरोधी हत्याकांडानंतर ‘रॉ’ या भारतीय गुप्तचर संस्थेने या संघटनांना प्रशिक्षण दिले, त्यामागे श्रीलंकेतील जयवर्धने सरकारचा पाश्चात्त्य देशांकडील कल आणि तिथल्या त्रिंकोमाली बंदराची चिंता जितकी होती, तितकेच तमिळनाडूतील लोकमतही होते. तिथले मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तर या संघटनांपैकी ‘एलटीटीई’ला (‘तमिळ वाघ’) स्वतंत्रपणे पैसा पुरवला.

सैन्य न पाठवता, हात वर करण्याची सोय राखून दबाव आणता येतो, हा अशा मदतीचा फायदा; पण काम दुसऱ्यावर सोपवले की लगामही काही अंशी त्याच्याच हाती जातो, असे सालेह्यान यांचे प्रतिपादन आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये तमिळनाडू पोलिसांनी ‘एलटीटीई’चे वायरलेस संच जप्त केले, तेव्हा तिचा प्रमुख प्रभाकरन मद्रासमध्येच उपोषणाला बसला आणि ते संच त्याला परत करण्यात आले. आश्रित आश्रयदात्याला कसा वाकवतो, याचे याहून बोलके उदाहरण मला तरी माहीत नाही.

पुढे १९८७ मध्ये श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेलाच या संघटनेशी लढावे लागले आणि शांतिसेनेचे हजाराहून अधिक जवान कामी आले. अशा वेळी आपल्याकडे भस्मासुराची कथा हमखास सांगितली जाते, परंतु ती इथे पुरती लागू पडत नाही, कारण वर देणारा एकटा नव्हता. परदेशस्थ तमिळांचा पैसा होताच. शिवाय १९८९ मध्ये खुद्द श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा यांनी, शांतिसेना परत जावी म्हणून, आपल्याच राज्याविरुद्ध लढणाऱ्या ‘एलटीटीई’ला शस्त्रे दिली. बेल्गिन सान-अक्चा या अभ्यासक विदुषींनी हीच बाजू पुढे आणली आहे: राष्ट्रे जशी गट निवडतात, तसे गटही आपले आश्रयदाते निवडतात.

या साऱ्या संशोधनाची एक मर्यादा आहे. मदत गुप्त असते, त्यामुळे उघड झालेलीच प्रकरणे आकडेवारीत येतात. भारतातील प्रशिक्षण शिबिरांचा सविस्तर अधिकृत तपशील १९९७ च्या जैन आयोगाच्या अंतरिम अहवालात आला, तोही राजीव गांधींच्या हत्येची चौकशी करावी लागली म्हणून.