चंद्र कधी जवळ आहे हे महिना नाही, नक्षत्राचे तास सांगतात

चंद्र वर्षातल्या कोणत्या महिन्यात सर्वांत जवळ येतो आणि ते पंचांगावरून काढता येतं का, असं तुम्ही विचारलं आहे. ठरलेला महिना नाही. पृथ्वी दर जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याला सर्वांत जवळ असते, तसं चंद्राचं नसतं. तो दर २७.५५ दिवसांनी उपभूला, म्हणजे कक्षेतल्या जवळच्या टोकाला येतो आणि मध्ये एकदा अपभूला, दूरच्या टोकाला जातो.

वर्षभरात बदलतं ते हे की सगळे उपभू सारखे नसतात. कधी चंद्र ३,५६,५०० किमीपर्यंत येतो, तर कधी ३,७०,००० किमीवरूनच परत फिरतो. अपभू मात्र साधारण ४,०४,००० ते ४,०६,७०० किमी एवढ्यातच राहतो. याला कारण सूर्य. उपभू-अपभू जोडणारी रेषा सूर्याच्या दिशेला आली की कक्षा जास्त लांबट होते, काटकोनात असली की वर्तुळाकडे झुकते. ही रेषा स्वतःही फिरते, ८.८५ वर्षांत एक फेरी. सूर्यसिद्धांत या प्राचीन ज्योतिषग्रंथात एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, चंद्रोच्चाच्या (चंद्राच्या अपभूच्या) ४,८८,२०३ फेऱ्या दिल्या आहेत. ४३,२०,००० वर्षांना त्या आकड्याने भागून बघा, हेच उत्तर येतं. मला ही अचूकता फार मोलाची वाटते.

रेषा पुढे सरकत असल्यामुळे सूर्याला पुन्हा उपभूच्या दिशेला यायला वर्ष पुरत नाही, ४१२ दिवस लागतात. चंद्र उपभूजवळ असताना पौर्णिमा झाली की सुमारे २०६ दिवसांनी तशीच उपभूजवळची अमावास्या येते. १४ नोव्हेंबर २०१६ (३,५६,५०९ किमी) आणि ५ नोव्हेंबर २०२५ या उपभूजवळच्या दोन्ही पौर्णिमा त्रिपुरी पौर्णिमा होत्या, त्यावरून कार्तिकाचा नियम बांधू नका. पुढची तशी पौर्णिमा २४ डिसेंबर २०२६ची, मार्गशीर्षातली.

आता पंचांग. चंद्र जवळ असला की वेगाने धावतो, आणि नक्षत्र म्हणजे आकाशातले १३ अंश २० कला. तेवढं ओलांडायला त्याला सरासरी २४.२९ तास लागतात. सलग दोन नक्षत्रांच्या समाप्तीच्या वेळा वजा करा. आलेल्या तासांना २४.२९ ने भागा, वर्गमूळ काढा, ३,८४,४०० ने गुणा. २१.२ तास आले तर अंतर सुमारे ३,५९,००० किमी. २७ तास आले तर सुमारे ४,०५,००० किमी. वर्गमूळ यासाठी, की कोनीय वेग अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सूर्याची ओढ आणि कक्षेचा कल यात धरलेला नाही, म्हणून दोन-तीन हजार किलोमीटर इकडे-तिकडे होतील.

चुका बहुधा तारखेच्या होतात. मध्यरात्रीनंतरची समाप्ती काही पंचांगं आदल्या दिवसाच्याच ओळीत छापतात, आणि नक्षत्र छोटं असलं की एकाच वारात दोन समाप्त्या येतात. दृक्गणिताचं, म्हणजे आकाशातल्या प्रत्यक्ष स्थितीशी जुळणाऱ्या गणिताचं पंचांग घ्या. टिळक पंचांगाचं अयनांश (नक्षत्रचक्राची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणारा कोन) वेगळं असलं तरी वजाबाकीत तो फरक जवळजवळ निघून जातो. तिथी मात्र वापरू नका. तीही २० ते जवळपास २७ तासांपर्यंत बदलते, पण त्यात सूर्याची चाल मिसळलेली असते आणि ती वेगळी काढावी लागते.

डोळ्यावर तर अजिबात विसंबू नका. सर्वांत जवळचा पूर्णचंद्र सर्वांत दूरच्यापेक्षा १४ टक्के रुंद दिसतो, पण सरासरीपेक्षा सातच टक्के. उगवताना तो भला मोठा वाटतो तो भास आहे. डोक्यावर येतो तेव्हा खरं तर तो तुमच्यापासून सहा हजार किमीपर्यंत अधिक जवळ असतो.

अंतराचा खरा परिणाम बघायचा तर किनाऱ्यावर बघा. भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे सर्वांत जवळच्या उपभूला चंद्राची ओढ सर्वांत दूरच्या अपभूपेक्षा सुमारे ४८ टक्के जास्त भरते. कोकणात उपभूजवळच्या पौर्णिमा-अमावास्येचं उधाण त्याच दिवशी नाही, बहुधा एक-दोन दिवसांनी सर्वांत चढतं. होडी ओढून ठेवायची असेल तर तेवढे दिवस धरून चाला.