कचऱ्यावर पीएचडी करायची तर आधी त्या कचऱ्याच्या मागे जा

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झालं, जेआरएफ (संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप) मिळाली, पुण्यात गाइडही ठरले. हातात विषय मात्र 'कचऱ्यापासून पर्यावरणपूरक जैवपदार्थ' एवढाच. तेव्हा उसाचं बगॅस (रस काढल्यावर उरणारा चोथा) घ्यायचं की मंडईतला कचरा, त्याचं बायोप्लास्टिक करायचं की आणखी काही, आणि हे सगळं पाच वर्षांत होईल का? मी बगॅसमधून सेल्युलोज (वनस्पतींतला तंतुमय पदार्थ) काढून त्याच्या फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रे, तयार करण्यावर पुण्यातच पीएचडी केली. त्यामुळे यातलं बरंचसं मी स्वतः भोगलेलं आहे.

पदार्थ कोणता करायचा ते नंतर ठरव. आधी कचरा ठरव, आणि तोही तो जिथे पडतो तिथे चार वेळा जाऊन आल्यावर.

मी तसं केलं नाही. एक टन ऊस गाळला की २८० ते ३०० किलो ओलं बगॅस निघतं, त्यात निम्मं पाणी असतं. एवढा मोठा 'टाकाऊ माल' आपल्या जिल्ह्यातच पडून आहे, असं मी प्रस्तावात लिहिलं. पहिल्या प्रोग्रेस सेमिनारला समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "हे तुम्ही नेलंत तर कारखाना बॉयलरमध्ये काय घालणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. साखर कारखाना बगॅस टाकून देत नाही. ते जाळून वाफ आणि वीज करतो, उरलेलं कागदासाठी विकतो. म्हणजे बगॅसला गिऱ्हाईक आहे, भाव आहे. ते तू उचललंस तर त्याच्या जागी कुठलं तरी इंधन जळणार, आणि ते तुझ्या पदार्थाच्या खात्यावर मांडावं लागणार.

याउलट आपल्या रस्त्यांवरच्या रसवंत्या बघ. मार्च ते मे या काळात त्यांच्याकडे चिपाडाचे ढीग लागतात आणि बरंचसं थेट कचऱ्यात जातं. त्याच्यावर कुणाचा बॉयलर अवलंबून नाही. पण त्यात आलं आणि लिंबू पिळलेलं असतं, साखरही जास्त उरलेली असते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते आंबूस होतं. हे घरी बसून वाचलेल्या पेपरमध्ये सापडत नाही. दुकानदाराशी दहा मिनिटं बोललं की कळतं.

आता माझं सर्वांत मोठं नुकसान सांगते. पहिल्या वर्षी मी एकाच कारखान्यातून, हंगाम संपता संपता, दोन पोती आणली. फिल्म सुंदर झाल्या: पारदर्शक, चिवट, एका कागदावर आकडे सुबक बसणाऱ्या. पोती संपली. पुढच्या हंगामात, नोव्हेंबरात, त्याच गेटमधून नवं पोतं आणलं आणि त्याच पद्धतीने फिल्म केली, तर ती धुरकट निघाली आणि हाताने ताणली की तुटत होती. मी रसायनं बदलली, ओव्हन तपासला, स्वतःच्या हातावर शंका घेतली. सहा महिने त्यात गेले. कारण अगदी साधं निघालं. पहिलं बगॅस ढिगात महिनोन् महिने पडून मुरलेलं होतं, दुसरं ताजं होतं. शिवाय दुसऱ्यात माती जास्त, म्हणजे राख जास्त, आणि तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निनही तेवढं सुटत नव्हतं.

म्हणून पहिल्याच महिन्यात एक मोठा लॉट गोळा कर. वाळव, दळ, नीट मिसळ, हवाबंद डब्यांत भर. प्रत्येक डब्यावर तारीख, जागा, ओलावा आणि राखेचं प्रमाण लिही. मुख्य काम त्या एका लॉटवर कर. मग वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या महिन्यांतले आणखी तीन लॉट घेऊन तेच प्रयोग पुन्हा कर. आकडे हलतील. किती हलतात तेच तुझ्या प्रबंधातलं सर्वांत उपयोगी प्रकरण ठरेल, कारण कचऱ्यावरचे बरेच प्रयोग लॅबबाहेर पडताना इथेच अडखळतात.

तू सूक्ष्मजीवशास्त्राची आहेस, म्हणून सेल्युलोजच्या मागे लागू नकोस असं मला मनापासून वाटतं. पीएचबी, म्हणजे पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट या जिवाणूंनी बनवलेल्या प्लास्टिककडे बघ. नायट्रोजन कमी पडला आणि कार्बन भरपूर असला की काही जिवाणू पेशीत हे पॉलिएस्टर साठवतात, आपण चरबी साठवतो तसं. फ्रेंच शास्त्रज्ञ मोरिस लेमॉइन यांनी १९२६ मध्ये ते शोधलं. खाद्य म्हणून मळी घ्यावीशी वाटेल, पण मळीला डिस्टिलरीचं गिऱ्हाईक आहे, म्हणजे पुन्हा बगॅसचीच गोष्ट. छोट्या डेअऱ्यांकडे पनीर काढल्यावर उरणारं हिरवट पाणी मला जास्त खरं वाटतं. ते नाल्यात सोडलं तर पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, आणि छोट्या डेअरीला ते वाळवून पावडर करणं परवडत नाही. फक्त एक अडचण आधीच ऐकून ठेव: पीएचबीसाठी सगळे ज्याचं नाव घेतात तो क्युप्रियाव्हिडस नेकॅटर हा जिवाणू मुळात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, खात नाही. एक तर लॅक्टोज आधी एन्झाइमने फोडावं लागेल, किंवा लॅक्टोज खाणारा दुसरा जिवाणू शोधावा लागेल. इथे पुण्यात असण्याचा फायदा आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतच औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथून कल्चर मागवता येतात.

आणि पेशीतून पीएचबी बाहेर कसं काढणार, हे पहिल्या दिवसापासून वहीत असू दे. प्रयोगशाळेत सरधोपटपणे क्लोरोफॉर्म वापरतात. डेअरीचं पाणी वाचवून क्लोरोफॉर्मची पिंपं भरायची असतील तर 'पर्यावरणपूरक' हा शब्द लिहिताना हात थांबला पाहिजे. माझाही थांबायला हवा होता. ६४ टक्के सल्फ्युरिक आम्लाने सेल्युलोजचे नॅनोकण करताना प्रत्येक वेळी आम्ल विझवायला आणि धुवायला बादल्यांनी पाणी जायचं. ते मी तिसऱ्या वर्षापर्यंत मोजलंच नव्हतं. मोजलं तेव्हा बरं वाटलं नाही, पण तो तक्ता प्रबंधात घातला.

दमटपणाचं तेवढंच सांगते. आपल्या पुण्यात एप्रिलमधली फिल्म कडक आणि जुलैमधली लिबलिबीत निघते. ताणून बघण्याआधी सगळे नमुने मॅग्नेशियम नायट्रेटच्या संपृक्त द्रावणावर बंद डब्यात ठेव, म्हणजे आर्द्रता ५३ टक्क्यांच्या आसपास राहते. आकडे एकमेकांशी ताडून बघायचे तर एवढं हवंच.

आता विघटन. कुंडीत पुरलेली फिल्म दोन महिन्यांनी दिसेनाशी झाली म्हणून मी आनंदाने फोटो काढले होते. दिसेनाशी होणं म्हणजे विघटन नव्हे, तुकडे बारीक झाले असतील. खरं मोजमाप कार्बन डायऑक्साइडचं. कंपोस्टची आयएसओ चाचणी ५८ अंशांना होते, आणि आपल्या सोसायटीच्या खतखड्ड्यात तेवढं तापमान सतत टिकणं कठीण. पीएलए, म्हणजे मका-उसाच्या साखरेपासून होणारं बायोप्लास्टिक, इथेच अडकतं. त्याचं गरम औद्योगिक कंपोस्टमध्ये विघटन होतं, पण ते नदीत किंवा कुंडीत वर्षानुवर्षं पडून राहतं. पीएचबी इथे सरस आहे, ते मातीतले जिवाणूही खातात. पण तेही तुझ्या स्वतःच्या नमुन्यावर मोजून दाखव.

यासाठी एक सकाळ कचरावेचक ताईंबरोबर घालव. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना पुण्यात १९९३ पासून आहे, आणि 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेच्या ताई रोज दारोदार कचरा गोळा करून हाताने वेगळा करतात. पीएलएची बाटली आणि साधी पेट (पाण्याच्या बाटल्यांचं नेहमीचं प्लास्टिक) बाटली शेजारी ठेवली तर त्यांना काय, मलाही फरक सांगता येणार नाही. पेटच्या पोत्यात पीएलए मिसळलं तर पेटचा पुनर्वापर बिघडतो, आणि भंगारवाल्याने भाव पाडला की तो फटका ताईंच्या कमाईला बसतो. तुझा पदार्थ कुणाच्या हातातून जाणार हे बघितल्याशिवाय तो पिशवी व्हावा, भांडं व्हावं की रोपांची ट्रे व्हावी, हे ठरवू नकोस. मला विचारशील तर रोपवाटिकेची पिशवी. ती मातीतच जाते, कुणाला वेगळी करावी लागत नाही.

हे सगळं लक्षात घेऊन केलेलं काम कसं दिसतं, त्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गणपतीची मूर्ती बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवायची पद्धत पाषाणच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिली आणि महापालिकेने ती लोकांपर्यंत नेली. उरतं ते कॅल्शियम कार्बोनेट, आणि पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. रसायन जुनंच आहे. पण बादली कोण भरणार, पाणी कुठे ओतणार, खाली बसलेल्या गाळाचं काय करायचं, इथपर्यंत विचार पोचलेला आहे.

पैशाचं आणि वेळेचं: जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफचे (त्याच फेलोशिपच्या वरच्या टप्प्याचे) ४२,०००. नियमाने पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. हंगामी कचरा घेतलास तर तुझ्या हातात पाचच हंगाम आहेत, आणि पहिला बहुधा उपकरणं शिकण्यात जातो. डेअरीचं पाणी बारा महिने मिळतं, हेही त्याच्या बाजूने मोजायचं कारण.

गाइडना भेटायच्या आधी तीन डेअऱ्यांत जाऊन ये, सकाळी आणि संध्याकाळी. किती लिटर निघतं, कुठे सोडतात, पीएच किती, मीठ किंवा लिंबू घातलेलं असतं का, ते लिहून आण. ती दोन पानं इथे टाकलीस तर मी वाचेन आणि पुढचं सांगेन.