मेंढरे विकून नीटचा क्लास लावावा का?

प्रश्न : आम्ही माण तालुक्यातील धनगर. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरे आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरतो आणि पावसाआधी परततो. मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून तिला जनावरांची डॉक्टर व्हायचे आहे. वडिलोपार्जित मेंढरे विकून तिला नीटच्या क्लासला घालावे का?

उत्तर : मेंढरे विकू नयेत, निदान पैदाशीच्या मेंढ्या तरी नाहीच. नर कोकरे तुम्ही दरवर्षी विकताच. त्या पैशांत बसेल तेवढाच क्लास लावावा. दुष्काळातही तगून राहिलेल्या मेंढ्यांची पिलावळ तुमच्या वडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखली असेल, तर ती एकदा बाजारात गेल्यावर पैसे मोजूनही तशीच परत मिळणार नाही.

पशुवैद्यकीय पदवी एक वर्षाच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची आहे. शिरवळचे महाविद्यालय तुमच्याच जिल्ह्यात असले, तरी एवढा काळ मुलगी वाड्याबरोबर चालणार नाही. मग रात्री मेंढरे कोंडण्याची जाळी, म्हणजे वाघर, कोण लावणार, राखण कोण करणार आणि खतासाठी शेतकऱ्याच्या शेतात मेंढरे बसवण्याचा व्यवहार कोण ठरवणार, हा प्रश्न मला फीपेक्षा मोठा वाटतो. तुमच्या पत्रात मात्र त्याचा उल्लेखही नाही.

कागदपत्रांचे काम दिवाळीपूर्वीच उरकावे. धनगर समाज भटक्या जमाती (क) प्रवर्गात येतो आणि त्यासाठी ३.५ टक्के आरक्षण आहे. परंतु त्याचा लाभ घेण्यासाठी जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते. वैधतेसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि फिरत्या कुटुंबांचे घोडे बहुधा तिथेच अडते. आजोबा किंवा चुलत आजोबा शाळेत गेले असल्यास तेथील दाखला प्रथम शोधावा. वाडा घाटाखाली उतरल्यावर तहसील कार्यालयाचे हेलपाटे कोणालाच झेपत नाहीत.

मुलीने एमएचटी-सीईटीचाही अर्ज भरावा, कारण कृषी पदवीचा प्रवेश त्या परीक्षेतून होतो. निकाल काहीही लागो, लोकरीला भाव नसताना कळपाचे उत्पन्न कोकरांवरच अवलंबून राहणार आहे. शेजारच्या फलटणमधील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील जुळ्यांचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ विकसित केली. मुलीला घेऊन ते काम एकदा पाहून यावे. कोणत्या मेंढीला जुळी झाली, कोणती आंत्रविषाराने (आतड्याच्या विषबाधेच्या रोगाने) दगावली आणि लस केव्हा टोचली, याची वही तिने सुट्टीत तुम्हाला विचारून लिहून काढावी. पैदाशीचा नर कोणत्या खुणांवरून निवडता, हेही तिला त्याच वहीत सांगावे.