भाचा दोन महिन्यांतच वेल्डिंगचा उभा सांधा झकास मारतोय, बघत राहावा असा. त्याला आयटीआयला घालू, की माझ्याकडेच ठेवून थेट टिग (गॅसच्या आडोशाने करायचं नाजूक वेल्डिंग) आणि पाइप शिकवू?

आयटीआयला घाला. वेल्डरचा ट्रेड एकाच वर्षाचा आहे आणि तो कागद पुढे अप्रेंटिसशिपला, बाहेरदेशी जायला उपयोगी पडतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपलं. पण तुम्ही लिहिलंय की त्याचा सांधा "बघत राहावा असा" असतो. मीही एकदा असाच बघत राहिलो होतो, म्हणून हे लिहितोय.

कोल्हापूरजवळ शिरोलीला आमचं छोटं शेड आहे, उसाच्या ट्रॉल्या बांधतो. हिशेब थोरला भाऊ बघतो, काम मी. 2011 च्या पावसाळ्यात गडहिंग्लजकडचं एक पोरगं हेल्पर म्हणून आलं, वय 19. आठवड्यात टाके (तुकडे जागेवर धरणारे छोटे वेल्ड) मारायला लागलं, महिन्यात सपाट रन, म्हणजे वेल्डची सलग रेघ. रॉड जळत जळत दोन बोटं उरला तरी टोकाचं अंतर तसूभर हलायचं नाही. हे शिकवून येत नाही. मला यायला तीन वर्षं लागली होती.

तीन वर्षं का लागली तेही सांगतो. 1994 साली मी उद्यमनगरात एका उस्तादाकडे होतो. तेलाचा ट्रान्सफॉर्मर, वर करंट कमी-जास्त करायचं चाक. उस्ताद चहाला निघाला की आधी चाक उलटं फिरवून ठेवायचा. का, तर कुठल्या कामाला किती करंट लावला ते आम्हाला दिसू नये. मी नुसत्या आवाजावरून शिकलो. तेव्हाच ठरवलं, माझ्या हाताखाली कोणी आलं तर काही लपवायचं नाही. त्यावर दादाचं म्हणणं ठरलेलं: "सगळं शिकवलंस की पाखरू उडालं म्हणून समज."

मी शिकवलं. आकडे सांगितले, रॉड निवडायला शिकवलं, दिवाळीच्या आधी गर्दी होती म्हणून हुकाचं कामही दिलं. ट्रॉलीच्या दांड्याला पुढे हुकाची 12 मिलिमीटरची प्लेट बसते, सगळी ओढ तिच्यावर. संध्याकाळी बघतो तर उभा सांधा गुळगुळीत, एक छिटा नाही, कडेला खाच नाही. मी सगळ्यांना बोलावून दाखवला. पोरगं लाजलं.

गळीत सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. भरलेली ट्रॉली चढावर असताना हूक प्लेटीसकट निघालं. ट्रॉली मागे सरकून चरीत कलंडली. मागे कोणी नव्हतं म्हणून मी आज हे लिहू शकतोय.

तुटलेली प्लेट हातात घेतली तर कापताना पडलेली कड जशीच्या तशी, सरळ, तिच्यावर स्लॅगची, म्हणजे वेल्डच्या मळीची, काळी रेघ. धातू वरवर बसला होता, आत गेलाच नव्हता. पोराने उभा सांधा वरून खाली ओढला होता. 6013 नंबरचा रॉड तसा ओढता येतो, झरझर होतो, दिसतोही देखणा. पातळ पत्र्याला चालतं. 12 च्या प्लेटीला कडा तिरप्या घासून व्ही मारून खालून वरच जायला हवं, 3.15 मिलिमीटरच्या रॉडला 100 अँपिअरच्या आसपास ठेवून, दोन्ही कडांना क्षणभर थांबत. आणि खरी लाज ही, की रन कुठल्या दिशेने ओढलाय हे वेल्डवरच्या लहरींवरून वाचता येतं. सतरा वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाने ते वाचलं नाही, कारण तो कौतुक करत होता.

दादाला आयताच मुद्दा मिळाला. "जास्त शिकवलंस, डोक्यावर घेतलंस." आजही जेवणात विषय निघतो. मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणतो: जास्त नाही, कमी शिकवलं. त्याचा एकही तुकडा मी फोडला नव्हता.

तेव्हा भाच्याला टिग देण्याआधी हे करा. 10 मिलिमीटरच्या पट्ट्यांचा उलटा टी उभा करा, एकाच बाजूने भरायला लावा, गार झाला की पलीकडच्या मोकळ्या बाजूने हातोडा घालून उभी पट्टी वेल्डवर आडवी पाडा. तुटलेल्या जागी मुळापर्यंत खरबरीत, करडा दाणा दिसला तर ठीक. सरळ कड दिसली तर परत. फोडायचं त्यानेच, तुम्ही नाही. हुशार पोराला शब्दाने चूक पटत नाही, कारण त्याचं काम दिसायला तुमच्यापेक्षा चांगलं असतं. आमच्या पोराने त्यानंतर दीड महिना रोज असे तुकडे फोडले. पहिला आठवडा माझ्याशी बोलत नव्हता.

पाइप आणि 6जी, म्हणजे तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपाचा सांधा, त्यानंतर. 45 अंशात अडकवलेल्या पाइपावर रूट, म्हणजे मुळातला पहिला रन, मारताना देखणेपणा कामाला येत नाही.

हे आधी लिहायला हवं होतं: गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) पाइप बंद शेडमध्ये देऊ नका, त्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. टाके मारतानाही काच डोळ्यांपुढे हवीच, हुशार पोरंच तिथे आळस करतात. आणि सगळी पोरं सारखी नसतात. एखादं भित्रं असेल तर त्याचं आधी कौतुकच करा. मी एकाच पोरावरून बोलतोय.

ते पाखरू उडालं, दादाचं तेवढं खरं ठरलं. तीन वर्षं राहिलं, मग आखातात पाइपवर गेलं. दिवाळीला फोन करतं, मला. आणि ती फुटलेली प्लेट मशीनच्या वर खिळ्याला टांगलेली आहे. दादाने आजवर दोनदा भंगारात टाकली, मी दोनदा भंगारवाल्याच्या तराजूवरून उचलून आणली.