जुन्या सिंथला नवा सिक्वेन्सर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दादा नमस्कार. बाबा ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यांचा रोलंडचा एसएच-१०१ सिंथ (सिंथेसायझर) अजून घरी आहे आणि चालतोय. मला त्याच्या सिक्वेन्सरवर (भरलेल्या नोटा क्रमाने आपोआप वाजवणारा भाग) ट्रॅक करायचेत पण एकच सिक्वेन्स राहतो, तोही शंभर स्टेपचा, स्विंग (ठोके थोडे मागे सरकवून येणारा झोका) नाही, मिडी (वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची पद्धत) नाही, आणि भरताना एक नोट चुकली की सगळं पहिल्यापासून. चिप बदलून नवीन फीचर टाकता येतात असं ऐकलंय. बाबा म्हणतात हात लावू नकोस, आवाज जाईल. नक्की काय करू? (डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर : आधी बाबांना सांग की आवाज जात नाही. १९८२ चा हा सिंथ, आणि त्यात ऑसिलेटर (सूर बनवणारा), फिल्टर (पोत बदलणारा), एन्व्हलप (नोट कशी चढते-उतरते ते ठरवणारा), एलएफओ (सूर हळू डोलवणारा) सगळं अ‍ॅनालॉग आहे, कॉम्प्युटर चिपमधून आवाज जातच नाही. ती चिप फक्त कारकुनी करते, कुठली पट्टी दाबली ते बघते, त्याचा आकडा पुढे पाठवते, तिथे त्याचं व्होल्टेज होतं, आणि सोबत नोट चालू-बंदचा गेट. अर्पेजिओ (दाबलेल्या पट्ट्यांचे सूर एकामागून एक वाजवणं) आणि सिक्वेन्सर पण तिच्याचकडे. म्हणून ती बदलली तरी सुराचा पोत तोच राहतो, फक्त सूर कधी आणि कुठल्या क्रमाने वाजायचा हे बदलतं.

पण चिपकडे लगेच जाऊ नकोस. मागच्या बाजूला एक्सटर्नल क्लॉकचं (बाहेरून ठोके द्यायचं) सॉकेट आहे, बहुतेक लोक त्यात कधी काही लावतच नाहीत आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण अर्धी नवीन फीचर तिथेच पडून आहेत. तिथे एक पल्स (विजेचा छोटा ठोका) आला की सिक्वेन्स एक स्टेप पुढे सरकतो. बस एवढंच. पण पल्स सारख्या अंतराने यायला हवेत असं कुठेय? लॅपटॉपवर ट्रॅक बनवतोस त्या सॉफ्टवेअरमध्ये एका वेगळ्या चॅनेलवर छोटा टोकदार क्लिक घे आणि तो ऑडिओ इंटरफेसच्या लाइन आउटमधून त्या सॉकेटला दे, लेव्हल चांगली वर ठेवून (मोबाइलच्या हेडफोन आउटचं व्होल्टेज बहुतेक वेळा पुरत नाही, तिथे डोकं खपवू नकोस). आता सोळा घरांच्या फेरीत १, ४, ७, ११, १३ वर क्लिक ठेव आणि सिंथमध्ये नुसत्या सात नोटा भर. ताल क्लिक ठरवतो, सूर सिंथ ठरवतो, आणि पाच ठोक्यांवर सात सूर असल्यामुळे दर फेरीला वेगळा सूर पहिल्या ठोक्यावर येतो. स्विंग हवा तर दर दुसरा क्लिक थोडा मागे सरकव. सगळ्या सोळा घरांत क्लिक भरलेस तर रूपकाच्या सात मात्रा तीनतालावर टाकल्यासारखं होतं, ११२ क्लिकनंतर दोघं परत एकत्र समेवर येतात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हाताने मात्रा मोजत बसलो होतो. आपल्याकडच्या कानाला हे परकं नाहीच, मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडचेच टीबी-३०३ (बेस सिंथ) आणि टीआर-८०८ (ड्रम मशीन) घेऊन राग रेकॉर्ड केलेच होते.

अजून एक फायदा. या सिंथमध्ये एलएफओ आणि क्लॉक एकाच स्लायडरवर आहेत म्हणजे टेम्पो वाढवला की व्हायब्रेटो पण पळायला लागतो. बाहेरून क्लॉक दिलास की टेम्पो तिकडून येतो आणि स्लायडर एलएफओसाठी मोकळा होतो, मग जलद सिक्वेन्सवर फिल्टर सावकाश उघडत नेता येतो.

एवढ्यावर भागलं नाही आणि नोटाही बाहेरून द्यायच्या असतील तर कॉर्गचा एसक्यू-१ सिक्वेन्सर बघ, आठ-आठ स्टेपच्या दोन ओळी, दोन सीव्ही-गेट आउट (सीव्ही म्हणजे सूर ठरवणारं व्होल्टेज), बॅटरीवर चालतो. सिंथला सीव्ही आणि गेट इन आहेतच, व्होल्ट पर ऑक्टेव्हवर (दर सप्तकाला एक व्होल्ट) सेट करायचं. झालं.

आता चिप. तिचा प्रोग्राम कारखान्यातच तिच्या आत कायमचा कोरलेला आहे, अपडेट वगैरे प्रकार नाही, म्हणजे एक छोटं फीचर हवं असलं तरी कोणीतरी पट्ट्या वाचण्यापासून सगळं काम नव्याने लिहायला लागतं. तसं लोकांनी केलंय. बर्लिनच्या टबुटेकचा एसएच-१ओएच१ नावाचा मॉड (मूळ चिपच्या जागी बसवायचा बदल) आहे, तो मिडी आणतो आणि सिक्वेन्सर, अर्पेजिओमध्ये बरंच नवीन टाकतो. मॉड चांगलाच आहे, मला काळजी आहे ती ४० पायांची चिप काढायची. जुन्या बोर्डचे ट्रॅक (तांब्याच्या रेषा) जास्त तापले की कागदासारखे सुटतात. माझ्या ओळखीतल्या एकाने आपला सिंथ रिपेअरवाल्याकडे दिला होता, त्याने सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप) न वापरता स्क्रू ड्रायव्हरने चिप उचकटली, तीन ट्रॅक सोबत आले आणि पुढचे दोन महिने बारीक वायरी जोडण्यात गेले. म्हणून आधी भंगारातल्या एखाद्या बोर्डवर हात बसू दे. फ्लक्स (सोल्डर सहज वाहू देणारा लेप) लाव, एकेक पाय सकर आणि वातीने (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) मोकळा कर, चिप आपोआप हलायला लागली तरच उचल. त्या जागी नवीन चिप थेट सोल्डर न करता ४० पिनचं सॉकेट बसव आणि बाबांची मूळ चिप अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचून डबीत ठेव, म्हणजे कधीही सगळं होतं तसं करता येईल. हे बाबांना दाखव, मला वाटतं ते हो म्हणतील. आणि आत जुने सेल राहिले असतील तर आजच काढ, पाझरले की जास्त नुकसान तेच करतात.

प्रश्न : माझ्याकडे सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० सिंथ आहे. त्यातही चिप बदलली तर आवाज तोच राहतो का? (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : नाही, इथे गणित वेगळं आहे. जानेवारी १९८३ च्या नॅम शोमध्ये (अमेरिकेतलं वाद्यांचं प्रदर्शन) रोलंडच्या एका सिंथला जोडून मिडी दाखवलं गेलं तो हाच सिंथ. यात ऑसिलेटर आणि फिल्टर अ‍ॅनालॉग असले तरी एन्व्हलप आणि एलएफओ झेड८० प्रोसेसर आकडेमोड करून बनवतो, आणि तो बिचारा सहा आवाजांना पुरा पडत नाही, त्यामुळे मूळ एन्व्हलप सुस्त वाटतात. ग्लिग्ली या नावाने काम करणाऱ्याने झेड८० च्या जागी टीन्सी++ २.० हा छोटा प्रोसेसर बोर्ड बसवून नवीन फर्मवेअर (चिपमधला प्रोग्राम) लिहिलं, ते ओपन सोर्स आहे. त्याने एन्व्हलप चटपटीत होतात, बेसचा ठोका एकदम पुढे येतो, सिक्वेन्सर-अर्पेजिओ पण सुधारतात. मला नवा आवाज जास्त आवडतो, पण जुन्या सुस्तपणावर ज्यांचं प्रेम आहे त्यांचंही मी समजू शकतो. काही करण्याआधी पॅच (साठवलेले आवाज) कॅसेटवर किंवा मिडी सिसेक्सने (मिडीवरून सिंथचा डेटा पाठवायची सोय) बाहेर काढून ठेवा, आणि बोर्डवरची मेमरीची लिथियम बॅटरी किती जुनी आहे तेही त्याच वेळी बघून घ्या.