लंगडी घालत पाढे म्हटले तर चालतंय का?

प्रश्न: पोरगा चौथीत आहे, अभ्यासाला बसवलं की दहा मिनिटांत चुळबुळ सुरू, पण अंगणात लंगडी घालताना तेराचा पाढा घडाघडा म्हणतो. सासूबाई म्हणतात, हा काय अभ्यास झाला? (एक आई, जुळे सोलापूर)

उत्तर: झाला की ताई! 2009 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या लोकांनी नऊ-दहा वर्षांच्या पोरांना ट्रेडमिलवर 20 मिनिटं चालवलं आणि मग टेस्ट घेतली, तर बसून राहिल्यापेक्षा लक्ष चांगलं लागलं, वाचलेलं जास्त समजलं. गणितात मात्र तसा फरक दिसला नाही, हे पण सांगून टाकते.

तुमच्या पोराचं जरा वेगळं आहे, तो शरीर आणि डोकं एकदम चालवतोय. पाठ झालेल्या गोष्टींना हे भारी, पण नवीन भागाकार शिकवताना उड्या मारायला लावाल तर उडी पण चुकेल आणि भागाकार पण, तो आधी बसूनच समजू दे. पुढं खेळ अवघड करा, खडूनं फरशीवर 0 ते 9 आकडे लिहा, तुम्ही 'सात पंचे' म्हणायचं, त्यानं आधी 3 वर मग 5 वर उडी मारायची. आणि आपलं ऊन माहितीय ना, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सहाच्या आत अंगणात सोडू नका. सासूबाईंना आकडे पुकारायला बसवा!